मूळ, अस्सल आणि सुस्थित : सोलापुरातील एका फियाटच्या निमित्ताने

सोलापुरात आमच्या परिचयाच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. शाळेत त्यांना सगळे ‘बाई’ म्हणत; निवृत्तीनंतरही गाव त्यांना ‘बाई’च म्हणते, आणि या लेखातही आम्ही तेच संबोधन ठेवतो. बाईंचे यजमान पाटबंधारे खात्यात होते. ते गेले, आणि मागे अंगणातील पत्र्याच्या शेडमध्ये त्यांची फियाट उरली. घराच्या छताचे काम निघाले, तेव्हा गाडी विकावी असे ठरले. एका दलालाने जाहिरातीचा मजकूर लिहून दिला : ‘१९६७ मॉडेल, फियाट डिलाइट, विंटेज, शंभर टक्के ओरिजिनल’. पुण्याच्या एका हौशी ग्राहकाने ती वाचून फोन केला. गाडी खरोखर ओरिजिनल असेल तर सांगाल ती किंमत, नसेल तर निम्मी, असे त्याचे म्हणणे पडले. बाई घाबरल्या. त्यांनी कागदांची एक जाडजूड फाइल आमच्यापुढे ठेवली आणि म्हणाल्या, “सर, तुम्ही जुने कागद वाचणारी माणसं. हे ओरिजिनल म्हणजे नेमकं काय, ते मला लिहून द्या.”

आम्ही तिघेही मराठीचे अध्यापक. आम्हांपैकी एकालाही कार्ब्युरेटर दाखवता आला नसता. म्हणून सोबत एक वयोवृद्ध मिस्त्री घेतले, ज्यांचे सारे आयुष्य फियाटी आणि ॲम्बेसेडर खोलण्यात गेले आहे. पुढे जे घडले त्यात मोटारीविषयी आम्ही थोडे शिकलो. पण संहिता, पाठ, प्रक्षेप हे जे शब्द आम्ही वर्गात इतकी वर्षे सहज उच्चारत आलो, त्यांचा अर्थ त्या शेडमध्ये अधिक स्पष्ट झाला असे वाटते. लेखाचे प्रयोजन एवढेच.

आधी शब्दांविषयी. ‘विंटेज’ हा शब्द मुळात द्राक्षांच्या तोडणीचा. एखाद्या वर्षीच्या तोडणीची वाइन ती त्या सालाची ‘विंटेज’. त्यावरून तो मोटारींना लागला. सोलापूरकराने या व्युत्पत्तीचे कौतुक करायला हरकत नाही, कारण ‘सोनाका’ द्राक्षाचे नान्नज आमच्या शहरापासून हाकेच्या अंतरावर आहे. इंग्लंडात १९३४ साली स्थापन झालेल्या ‘विंटेज स्पोर्ट्स कार क्लब’ने या शब्दाला काटेकोर मर्यादा घातली. १९३० साल संपण्यापूर्वी बनलेली गाडीच विंटेज, नंतरची नव्हे. त्या मोजमापाने बाईंची गाडी विंटेजच्या जवळपासही फिरकत नाही. पण आपल्याकडे २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत जी दुरुस्ती झाली, तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नासहून अधिक वर्षे झालेली खासगी दुचाकी वा चारचाकी ‘विंटेज’ म्हणून नोंदवता येते. म्हणजे जाहिरातीतील पहिला दावा कायद्याने खरा, परंपरेने खोटा. अशा दुहेरी अर्थाचे शब्द विक्रेत्याला सोयीचे असतात. ‘ओरिजिनल’ त्याहून सोयीचा. एकच विक्रेता एका वाक्यात त्याचा अर्थ ‘कारखान्यातून निघाली तशी’, दुसऱ्यात ‘नक्कल नव्हे’ आणि तिसऱ्यात ‘उत्तम स्थितीतली’ असा करतो. आम्ही आमच्यापुरते तीन शब्द वेगळे केले : मूळ, अस्सल आणि सुस्थित. तिन्ही गुण एकाच गाडीत क्वचित सापडतात, आणि बऱ्याचदा एकाची किंमत दुसऱ्याला मोजावी लागते.

या गाडीच्या बाबतीत तर मूळ कोणते, हाच पहिला पेच आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, आणि तो रस्ताही सोलापुरातूनच जातो. वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म १८८२ साली सोलापूरचा. बार्शी लाइट रेल्वेच्या कंत्राटात लक्ष्मणराव फाटकांची भागीदारी, तेथून बोगदे, जहाजे, साखर, विमाने असा त्यांचा विस्तार. ‘अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक’कार गं. दे. खानोलकर यांनी त्यांचे विस्तृत चरित्र लिहिले आहे. वाङ्मयसेवकांची चरित्रे लिहिणाऱ्या माणसाने एका उद्योगपतीकडे वळावे, ही आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घेण्यासारखी गोष्ट. देशात मोटार बनावी ही विश्वेश्वरय्यांची १९३० च्या दशकातली योजना वालचंदांनी उचलून धरली. महायुद्धाच्या काळात ब्रिटिश सरकारने साहाय्य नाकारले, तरी १९४४ साली त्यांनी ‘प्रीमियर ऑटोमोबाइल्स’ उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ पासून अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. ‘जोडून’ हा शब्द महत्त्वाचा. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि येथे जुळायचे. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला हेच करीत होती. १९५३ साली टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवले की ज्यांच्यापाशी प्रत्यक्ष उत्पादनाचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावे. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या. प्रीमियर राहिली आणि तिने इटलीच्या फियाटची ‘११००’ ही गाडी धरली. वालचंद मात्र त्याच वर्षी, १९५३ च्या एप्रिलमध्ये वारले. पुढे साऱ्या महाराष्ट्राने ‘आपली’ मानलेली कुर्ल्याची फियाट ११०० ही गाडी त्यांनी पाहिली नाही.

पहिल्या फियाट ११०० ला महाराष्ट्रात ‘डुक्कर फियाट’ म्हणत, आणि त्या नावात तुच्छता कमी, लळा अधिक होता. तिची पुढची दारे मागच्या बाजूला बिजागरी असलेली, म्हणजे आजच्या उलट उघडणारी. नंतर एलिगंट, सिलेक्ट अशी रूपे झाली, आणि १९६४ साली चौकोनी वळणाची ‘डिलाइट’ आली. फियाटशी असलेला करार संपल्यावर ती काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’. २००० सालाच्या सुमारास उत्पादन थांबले. पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून कायमची उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले.

आता पेच पाहा. डिलाइट ही इटलीच्या ‘११०० डी’ या गाडीची भारतीय आवृत्ती. पण इटलीत ११०० डी १२२१ सीसीच्या इंजिनाने धावत होती, तर कुर्ल्यात त्याच अंगाखाली आधीचेच १०८९ सीसीचे इंजिन राहिले. म्हणजे डिलाइट जन्मतःच मिश्र पाठाची गाडी आहे : देह नव्या आवृत्तीचा, हृदय जुन्या. शिवाय वर्षागणिक परदेशी भाग कमी होत देशी भाग वाढत गेले, त्यामुळे एकाच नावाच्या दोन सालांतील गाड्याही तंतोतंत सारख्या नाहीत. हल्ली हौशी मंडळी इटलीहून भाग मागवून आपली डिलाइट ‘जास्त ओरिजिनल’ करतात. आमच्या मते ती त्यामुळे कमी मूळ होते. रघुनाथ पंडितांचे ‘दमयंती-स्वयंवर’ संस्कृत नैषधावरून सुधारून छापावे, तसलाच हा प्रकार. या गाडीचा मूळ पाठ ट्युरिनमध्ये नव्हे, कुर्ल्यात शोधावा लागतो, आणि तोही त्या विशिष्ट सालच्या कुर्ल्यात.

हे सगळे आम्ही मिस्त्रींना सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि खिशातून एक लोहचुंबक काढला. जुन्या लाउडस्पीकरचा असावा. त्यावर फडके गुंडाळून ते गाडीच्या अंगावरून फिरवू लागले. जेथे पत्रा आहे तेथे चुंबक धरतो. जेथे पत्रा सडून वा चेपून गेल्यावर पुट्टी भरून वर रंग मारला आहे, तेथे तो घसरतो. उजव्या मागच्या चाकावरच्या कमानीपाशी तो घसरला. “रंगाला काय इचारू नका सर,” मिस्त्री म्हणाले, “रंग बोलतो लई, पर खरं बोलत न्हाई.”

तरीही रंगाला विचारावेच लागते. मात्र वरच्या नव्हे, खालच्या. दाराच्या चौकटीत, बिजागरीपाशी, जेथे रंगाऱ्याचा हात नीट पोहोचत नाही तेथे एक टवका उडाला होता. भिंगातून पाहिले तर बाहेरचा पांढरा, त्याखाली फिकट निळा आणि सर्वांत खाली गडद हिरवा असे थर दिसले. डॅशबोर्डच्या मागच्या अंगाला, तारांच्या गुंत्यामागे तोच हिरवा जसाच्या तसा होता. नोंदणी पुस्तकात, म्हणजे आरसी बुकात, रंगाच्या रकान्यात ‘ग्रीन’ लिहिलेले. कागद आणि पत्रा एकमेकांना साक्ष देत होते. जुनी पोथी पाहताना आपण हेच करतो. वरची शाई नवी असेल तर खोडलेल्या अक्षराची खूण कागदाच्या पाठीमागून पाहतो.

पण सर्वांत महत्त्वाचा पुरावा आकड्यांचा असतो. या फियाटला ट्रकप्रमाणे वेगळी चॅसिस नसते. पत्र्याचे कवच हेच तिचे हाड. चॅसिसचा म्हणून जो क्रमांक म्हणतात तो बोनेटखाली, इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधल्या आडव्या पत्र्यावर ठोकलेला होता. मिस्त्रींनी त्यावरचे तेल रॉकेलने पुसले आणि आम्हांला वाकून पाहायला लावले. आकड्यांची उंची एकसारखी आहे का, ओळ सरळ आहे का, भोवतीचा पत्रा घासलेला किंवा जोडलेला दिसतो का, आजूबाजूपेक्षा तेथेच रंग जाड का आहे, हे तपासायचे. बनावट क्रमांक ठोकणारा माणूस बहुधा आकड्यात चुकत नाही, आकड्याच्या वळणात चुकतो. ताम्रपटांच्या अभ्यासकांना हे नवे नाही. बनावट ताम्रपट करणाऱ्याने राजाची वंशावळ बरोबर दिलेली असते, पण अक्षरवटिका दोन शतके पुढची निघते. किंवा तिथी आणि वार यांचा मेळ गणिताने बसत नाही. मोटारीतही असे ‘वार’ असतात. काचेच्या कोपऱ्यातील कारखान्याची खूण, दिव्याच्या भिंगावरचे नाव, पेडलच्या रबराची झीज. मीटरवर पंचेचाळीस हजारांचा आकडा आणि पेडल मात्र गुळगुळीत, असे असेल तर एकतर मीटर बदलला आहे किंवा तो पूर्ण फिरून पुन्हा शून्यापासून आला आहे.

चॅसिसचा क्रमांक निर्दोष निघाला. इंजिनाचा निघाला नाही. आरसी बुकाच्या पहिल्या पानावरचा क्रमांक एक, इंजिनाच्या ठोकळ्यावरचा दुसरा. बाईंचा चेहरा उतरला. दलालाचा मात्र नाही. तो तेथेच खुर्चीवर बसून चहा पीत होता. म्हणाला, हे काम दोन तासांचे आहे, ठोकळा घासून जुना नंबर पाडून देणारे लोक आहेत, ग्राहकाला कळणारही नाही. बाई आमच्याकडे पाहू लागल्या. छताच्या कामाचा अंदाज त्याच टेबलावर पडलेला होता. असा क्रमांक पाडणे हा गुन्हा आहे हे आम्ही सांगितले. दलाल हसला.

उत्तर फाइलमध्ये होते, आणि ते शोधायला आम्हांला दोन दुपारी लागल्या. आरसी बुकाच्या मागच्या पानावर, अर्धवट पुसलेल्या शिक्क्याखाली, १९८६ साली इंजिन बदलल्याची परिवहन कार्यालयाची नोंद होती. तिच्यातला क्रमांक आणि ठोकळ्यावरचा क्रमांक एकच. त्याच वर्षाची कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातील पावती टाचणीने लावलेली, आणि सोबत यजमानांची वही. वहीत त्यांनी गाडीवर केलेला प्रत्येक खर्च, प्रत्येक प्रवास, भरलेले पेट्रोल, बदललेला पाटा लिहून ठेवला होता. खात्यातील माणसाची ती नोंद, शब्दांचा पाल्हाळ नाही. इंजिनाचे सिलिंडर दोनदा बोअर करून झाले होते, तिसऱ्यांदा करण्याइतके लोखंड उरले नव्हते, म्हणून पद्मिनीचे तेवढ्याच १०८९ सीसीचे इंजिन घेऊन बसवले. खर्च, तारीख, मिस्त्रीचे नाव.

वहीतून आणखी एक गोष्ट उलगडली. गाडीच्या तळाला, पुढच्या आसनाखालच्या रबरी चटईखाली, वेल्डिंग करून बसवलेला नवा पत्रा सापडला होता, आणि मिस्त्री बुचकळ्यात पडले होते. सोलापूरची हवा कोरडी, पाऊस बेताचा. येथे गाडीचे रबर तडकते, डॅशबोर्ड उन्हाने फुटतो, रंग विटतो. पण तळ सहसा सडत नाही. तळ सडतो तो मुंबई-कोकणात. वहीत पाहिले तर १९७९ ते १९८४ यजमानांची बदली रत्नागिरीला. १९८४ च्या मे महिन्यात, परतीच्या प्रवासाआधी, तळाचा पत्रा बदलल्याची नोंद. ज्याला आपण अंतर्गत पुरावा आणि बाह्य पुरावा म्हणतो, ते दोन्ही एकमेकांना इतके नेमके भेटलेले आम्ही हस्तलिखितांतही फार वेळा पाहिलेले नाहीत.

एवढ्यावरून काय म्हणावे? गाडी मूळ आहे का? नाही. इंजिन मूळ नाही, तळाचा काही भाग मूळ नाही, रंग मूळ नाही, पुढची जाळी नंतरच्या पद्मिनीची आहे, आणि पुढचे सलग बाक काढून दोन सुट्या खुर्च्या बसवल्या आहेत. स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर मात्र आहे तसाच. मग ती अस्सल नाही का? येथे नागसेनाचा रथ आठवतो. मिलिंद राजाला तो विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? आमच्या मिस्त्रींनी ‘मिलिंदपञ्ह’ वाचलेला नाही, पण पत्र्यावरच्या क्रमांकावर बोट ठेवून ते म्हणाले, “ही हाय ती गाडी. बाकी समदं तिला लागलेलं सामान.” नागसेनाने हे मान्य केले नसते. आरटीओने केले असते.

हाच प्रश्न इंग्लंडच्या न्यायालयात १९९० साली गेला होता, आणि त्या खटल्याची हकिगत साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य जाणून घ्यावी. ‘ओल्ड नंबर वन’ नावाची बेंटले गाडी फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे जिंकली होती. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतीत हीच गाडी चालवताना क्लाइव्ह डनफी हा चालक मरण पावला. त्यानंतर ती पुन्हा बांधली गेली, बंद टपाची झाली, मालक बदलले, भाग बदलले. १९९० साली मालकाने ती एक कोटी पौंडांना विकण्याचा करार केला आणि खरेदीदाराने ऐनवेळी माघार घेतली. म्हणणे असे की, ही ‘ती’ गाडीच नव्हे. न्यायमूर्ती ऑटन यांनी भागन् भाग तपासवला. १९२९ च्या गाडीचे जवळजवळ काहीच उरले नव्हते. १९३० च्या गाडीचे पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे आवरण, स्टेअरिंगचा खांब असे किरकोळ. तरी त्यांनी निकाल मालकाच्या बाजूने दिला. तर्क असा : या गाडीला ‘मूळ’ म्हणता येणार नाही, पण ती मोडून नाहीशी झाली आणि मग कोणी नव्याने घडवली, असेही कधी झालेले नाही. बदल होत गेले, पण प्रत्येक टप्प्यावर ती तीच गाडी म्हणून ओळखली गेली. इतिहास अखंड राहिला. म्हणून ती अस्सल.

या निकालावर गाड्यांच्या जगात आजही वाद आहेत, आणि ते असायलाच हवेत. कारण अखंड इतिहास हा निकष मान्य केला की तो इतिहास सिद्ध करण्याची जबाबदारी येते. कोट्यवधींच्या बेंटलेपाशी शर्यतींची वृत्ते असतात, छायाचित्रे असतात, क्लबांची दप्तरे असतात. सोलापुरातील फियाटपाशी काय असते? बहुतेकींपाशी काही नसते. आरसी बुकाची दुसरी प्रत, विम्याचा शेवटचा कागद, आणि ‘आमच्या आजोबांची गाडी’ ही मौखिक परंपरा. बाईंच्या गाडीचे वैशिष्ट्य पत्र्यात नव्हते, त्या वहीत होते.

आमच्या क्षेत्रात हा विवेक शंभर वर्षांपूर्वी झाला आहे. भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली सुरू झाले. १९२५ मध्ये ते वि. स. सुखठणकरांकडे आले. व्यासांच्या तोंडून निघालेला मूळ पाठ आपण देतो आहोत, असा दावा त्यांनी केला नाही. उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे मागे जेथवर पोहोचता येईल तेथवरचा पाठ द्यायचा, आणि नंतरची भर फेकून न देता तळटीपांत आणि परिशिष्टांत नीट नोंदवायची, अशी ती रीत. नंतरची भर हाही संहितेचा इतिहासच आहे. याच्या उलट टोकाला १९०९ सालची राजवाड्यांची ज्ञानेश्वरी आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेल्या पाठाच्याही मागची, अधिक मूळ प्रत आपल्याला मिळाली, या त्यांच्या दाव्यावर पुढे किती रण माजले हे येथे सांगायला नको. मूळ सापडल्याचा आनंद हा संशोधकाला आणि मोटारीच्या ग्राहकाला सारखाच आंधळा करतो, असे आम्हांला वाटते. राजवाड्यांविषयी आमच्या मनात आदर आहे. म्हणूनच हे लिहिले.

कायदा मात्र सुखठणकरांच्या बाजूचा नाही. २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ रूपात असावी लागते, आणि चॅसिस, कवच किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा लागतो. नोंदणी झाल्यास ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, पुढची नोंदणी ५,००० रुपयांत. अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, दुरुस्ती आणि इंधन भरणे यांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पण ‘मोठा फेरबदल’ कशाला म्हणावे? त्याच घराण्याचे, तेवढ्याच क्षमतेचे इंजिन, अधिकृत नोंद करून बदलले, तर तो फेरबदल की दुरुस्ती? पन्नास वर्षे आपल्या रस्त्यांवर चाललेली, इंजिन कधीच न बदललेली फियाट असू शकते. पण ती चालली थोडी आणि उभी फार राहिली, असेच बहुधा निघेल. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ साली संमत केलेली ‘ट्युरिन सनद’ या बाबतीत अधिक समजूतदार आहे. वास्तूंच्या जतनासाठी १९६४ साली व्हेनिसची सनद झाली होती, तिच्या धर्तीवर ही सनद सांगते की गाडीच्या आयुष्यात झालेले बदल हेही तिच्या इतिहासाचे भाग आहेत, आणि जतन करणाऱ्याने आपल्या कामाची नोंद ठेवावी.

ग्राहकाला तुलना हवी होती म्हणून शहरातील आणखी एक डिलाइट आम्ही मिस्त्रींसह पाहून आलो. ती तेव्हा ‘फुल रिस्टोअर’ म्हणून विक्रीस होती आणि बाईंच्या गाडीच्या जवळजवळ दुप्पट किमतीला. आरशासारखा रंग, लखलखते क्रोम, शिवलेल्या चामडी गाद्या. सुस्थित निःसंशय. पण रंगाचा टवका शोधायला एक जागा नव्हती. सारे अंग पत्र्यापर्यंत घासून नव्याने रंगवले होते. तळ गुळगुळीत काळ्या डांबरी थराखाली. कागद विचारले तर जुने सगळे पुरात गेले म्हणाले. मिस्त्रींनी चुंबक काढलाच नाही. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले की गाडी चांगली आहे, पण ती कोणती गाडी आहे हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पोथी स्वच्छ करताना समासातील टिपा आणि कोलोफोन खरवडून टाकावेत, तसे हे झाले होते. ज्याला लग्नाच्या वरातीत गाडी फिरवायची आहे त्याने ती जरूर घ्यावी.

बाईंची गाडी सुरू करून पाहिली तेव्हा तिने आधी नकार दिला आणि मग निळसर धूर सोडला. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, रिंगा झिजल्या. काळा असता तर पेट्रोल जास्त जाते आहे, आणि गरम झाल्यावरही पांढरा राहिला असता तर पाणी इंजिनात शिरते आहे, असे मिस्त्रींनी शिकवले. पुढची चाके हलवून पाहिली. किंगपिनला खेळ होता. ब्रेक नव्हतेच म्हणा ना. म्हणजे ती सुस्थित नाही, हे लिहून देणे भाग होते.

आम्ही तीन पानांचे टिपण केले. पहिल्या पानावर काय मूळ आहे, दुसऱ्यावर काय बदलले, केव्हा, कोणत्या नोंदीनुसार, तिसऱ्यावर आजची स्थिती आणि दुरुस्तीचा मिस्त्रींनी सांगितलेला अंदाज. ‘शंभर टक्के ओरिजिनल’ हे शब्द बाईंनी स्वतः खोडले. त्या शुद्धलेखन तपासताना ओढत असतील तशीच ती लाल रेघ होती. दलाल त्यानंतर फिरकला नाही.

पुण्याचे गृहस्थ आले. वय तिशीच्या आतबाहेर. त्यांनी गाडी अर्धा तास पाहिली आणि वही दोन तास वाचली. किंमत निम्म्याहून बरीच वर ठरली, दलालाने सांगितलेल्या आकड्याहून पुष्कळ खाली. पण त्यांची एक अट होती : वही गाडीसोबत हवी, झेरॉक्स चालणार नाही. बाई गप्प झाल्या. वहीत शेवटच्या काही पानांवर गाडीचा काही संबंध नव्हता. दवाखान्यात नेल्या-आणल्याच्या तारखा होत्या, अक्षर हळूहळू वाकडे होत गेलेले. गाडी तेव्हा मुलगा चालवत असे, नोंद मात्र तेच करीत. ती पाने फाडून ठेवावीत, असे आमच्यातल्या एकाने सुचवले. ग्राहकाचीही हरकत नव्हती.

बाईंनी पाने फाडू दिली नाहीत. नवी पेठेतील दुकानात नेऊन त्यांनी सगळ्या वहीची झेरॉक्स काढवून घेतली, कोऱ्या पानांसकट; आणि मूळ वही ब्राउन पेपरचे कव्हर घालून, त्यावर वर्ष आणि विषय लिहून, गाडीच्या डिकीत ठेवली.